फळ्यावरचा एक तास

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. वडील गेल्याची तार सकाळी वडनेरला, माझ्या सासरी आली. माहेर मूर्तिजापूरजवळ. आमच्यात लेक आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत, पण दिवस मावळल्यावर अग्नीही देत नाहीत. मी भराभर सामान बांधलं, मुलांना जावेकडे सोपवलं आणि यजमानांसोबत स्टेशन गाठलं.

गाडी एक तास उशिरा, असं फळ्यावर लिहिलं होतं. तास संपला की स्टेशनमास्तर खडूनं आणखी एक तास वाढवत. एका तासासाठी अकोल्याच्या एस.टी. मोटारीनं कशाला जायचं, म्हणून आम्ही बसून राहिलो.

"मास्तर, गाडी येऊन राह्यली का मुहूर्त पाहून राह्यली?" एक म्हातारा ओरडला.

दुपारी मी मास्तरांच्या खिडकीशी गेले. "खरं सांगा ना भाऊ. मले बापाचं तोंड पाह्याचं आहे."

"बाई, पुढं मालगाडी घसरली. सांजेपर्यंत काही खरं नाही. तिकिटाचे पैसे वापस भेटतीन."

"मंग सकाळीच काऊन नाही सांगितलं?"

"लोकं गोंधळ घालतात, बाई."

अकोल्याची मोटार केव्हाच निघून गेली होती. आता दुसऱ्या कशानंही दिवसाउजेडी पोचणं शक्य नव्हतं. मी तिथूनच भावाला तार केली, की माझी वाट पाहू नका.