देव्हाऱ्यातला ओपल

बाळांनो, आपल्या देव्हाऱ्यातला पांढरा दगड तुम्ही फोनवर पाहिला आहे, पण त्याचे रंग पाहिलेले नाहीत. ते पूजेच्या वेळी दिसायचे, आणि तेव्हा तुमच्याकडे रात्र असते.

तो दगड म्हणजे ओपल. दख्खनमधल्या गावी विहीर खणताना सापडला, आणि आपले पूर्वज ग्वाल्हेरला आले तेव्हा देव म्हणून सोबत आला. एरवी खडूसारखा पांढरा. ताम्हनात देवांबरोबर आंघोळ घातली की पाणी शोषून तो काचेसारखा व्हायचा आणि आत हिरवा, शेंदरी रंग हलू लागायचा. दुपारपर्यंत वाळून पुन्हा पांढरा.

तुमचे आजोबा भूगर्भशास्त्र शिकवत. त्यांनी काढलेले फोटो परदेशी पुस्तकांत छापले गेले, तेव्हापासून लोक दगड पाहायला इंदरगंजच्या घरी येऊ लागले. देवाला कुणी हात लावायचा नाही, म्हणून ताम्हन मीच पुढे धरायची. रोजच्या पूजेने दगडावर पिवळट झाक आली होती. आजोबा पाहुण्यांना सांगत, "हळद लागलेला ओपल जगात हा एकच. लग्न कधी, ते हिला विचारा."

आजोबा गेल्यावरही पूजा चालू राहिली. गेल्या वर्षी दगडात केसाएवढी रेघ दिसली. इथल्या संग्रहालयात एक मुलगी आहे, आपल्याकडचीच, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणारी. तिने भिंगातून पाहिलं.

"काकू, रोज भिजतो, रोज वाळतो, म्हणून तडकतोय. ऐसे ही चला तो टुकड़े हो जाएँगे."

संग्रहालयाला दिला तर वर्षातून एकदा तरी भिजवाल का, असं मी तिला विचारलं. तिने मान हलवली. मग हळूच म्हणाली, "नाही जमणार, काकू."

महिनाभर त्याला कोरडाच ठेवून पाहिला. देवाला आंघोळीवाचून ठेवायचं, हे मनाला पटेना. घालायची तर तो फुटणार. शेवटी देऊन टाकायचं ठरवलं. द्यायच्या दिवशी सकाळी त्याला ताम्हनात ठेवला, पळी भरली, आणि पाणी बाळकृष्णावर ओतलं.

आता तो काचेआड आहे. रेघ वाढलेली नाही, असं ती मुलगी सांगते. शाळेची मुलं क्षणभर पाहून पुढे जातात.

तुम्ही याल तेव्हा तुम्हालाही पांढरा दगडच दिसेल. मी काचेवर बोट ठेवून सांगेन, हिरवा इथून उगवायचा, शेंदरी तिकडे सरकायचा. पण लवकर या. हिरव्याची जागा पक्की आठवते, शेंदरीची हल्ली थोडी चुकते.