पाठमोऱ्या खुर्चीतला मी

माझा एक फोटो आहे. त्यात मी कापडे गावच्या भातशेतात, अंगावर शाल आणि हातात नारळ घेऊन, एका पाठमोऱ्या खुर्चीवर तुमच्याकडे तोंड करून बसलो आहे, आणि मला पाय नाहीत. हा फोटो कसा झाला, हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर 'स्टुडिओवाल्या इक्बालनं घोळ घातला' म्हणून मोकळा व्हायचो. इक्बालनं काहीही घोळ घातला नव्हता. आता सत्तरी उलटली आहे, गुडघेसुद्धा बोलायला लागले आहेत, तेव्हा मीही बोलून टाकतो.

महाडात माझा मंडपाचा धंदा होता. मुलगी झाली त्याच वर्षी सुरू केला, म्हणून नाव 'रेश्मा मंडप डेकोरेटर्स'. माझ्या प्रत्येक लाल खुर्चीच्या पाठीवर हे नाव पांढऱ्या रंगात रंगवलेलं. लग्न, बारसं, प्रचारसभा, मार्चात चवदार तळ्यावरची गर्दी. महाड-पोलादपुरात जिथं चार माणसं बसली तिथं खाली माझी खुर्ची. मी स्वतः मात्र कधी बसल्याचं आठवत नाही. मंडपवाला बसला की कुठंतरी दोर सुटतोच.

आणि मंडपवाल्याला साप-विंचवाची भीती नसते, रिकाम्या खुर्चीची असते. पाहुणे व्यासपीठावर आले आणि पुढच्या तीन रांगा मोकळ्या दिसल्या, की आयोजक आमच्याकडे असे बघतात, जणू माणसंही आम्हीच पुरवायची होती. (एकदा पुरवलीही. माझे चार गडी, आचारी आणि समोरचा न्हावी यांनी पहिल्या रांगेत बसून एका पुढाऱ्याचं दीड तास भाषण ऐकलं. न्हावी तर त्या पक्षातच गेला!) रिकामी खुर्ची दिसली की तिच्यात माणूस बसवायचा, हे माझ्या हाताला लागलेलं वळण. पुढचं सगळं त्या वळणामुळं झालं.

खिशात मोबाईल नुकते यायला लागले होते, त्या काळातली गोष्ट. रेश्मा मुंबईला आत्याकडे राहून मास मीडिया शिकत होती. म्हणजे काय, हे मलाही नीट कळलं नव्हतं. विचारणाऱ्यांना मी 'टीव्हीचं शिकते' सांगायचो, त्यामुळं सुट्टीत ती घरी आली की आळीतले लोक आपापले बिघडलेले टीव्ही दाखवायला आणायचे.

शेवटच्या वर्षाला कॉलेजनं वर्गाला एक काम दिलं. एका गाण्याचा व्हिडिओ करायचा आणि त्याच्या सीडीचं कव्हरही आपणच तयार करायचं. पहिल्या येणाऱ्याला एका मोठ्या स्टुडिओत शिकाऊ म्हणून जागा मिळणार होती, आणि रेश्मानं त्या जागेचा ध्यास घेतला होता. गाणं तिनंच लिहिलं, मैत्रिणीकडून गाऊन घेतलं. नाव 'पहिली रांग'. मला ऐकवायला टेप घेऊन ती दोनदा माझ्यामागे फिरली. पहिल्यांदा मी बांबूवर चढलो होतो, दुसऱ्यांदा टेम्पोत. मी म्हटलं, तू केलंयस म्हणजे चांगलंच असणार. मग एका सकाळी ती गोदामात आली.

"बाबा, शूटिंगसाठी एक खुर्ची हवी."

"एकच? अगं, सोफा ने. नवरदेवाचा, सोनेरी."

"लाल प्लास्टिकची द्या. मागं माझं नाव असलेली."

मी खूश झालो. फुकटात जाहिरात! धुऊन-पुसून तिला खुर्ची दिली.

शूटिंग कापड्याला, तिच्या मामाच्या शेतात. भात पिवळं झालं होतं. दुपारपर्यंत पोचतो, असा शब्द मी दिला होता. पण पोलादपुरात एक साखरपुडा होता, तिथं मुलाकडची मंडळी अचानक वाढली, मी आणखी खुर्च्या आणायला धावलो, आणि कापड्याला पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. मेव्हणा बांधावरच भेटला.

"भावजी, सकाळधरनं पोरगी खुर्ची घेऊन फिरतेय. बांधावर ठेवतेय, नदीत ठेवतेय, शाळेच्या अंगनात ठेवतेय. नि बसत कोन नाय!"

"कुणीच नाही?"

"आमची आय दमून टेकली जराशी, तं तिला पन उठवलीन. आय बोलली, गो, कोन यायचा हाय तो येऊ दे की लवकर. तं ही बोलते, येतील गो आजी, थांब."

मी रेश्माला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "झालं. तुमच्याशिवाय चाललं." मुलगी समजूतदार झाली, असं मला वाटलं. खुर्ची टेम्पोत टाकली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी कव्हरचा फोटो इक्बालच्या स्टुडिओत देऊन ती मुंबईला गेली. इक्बालच्या भावानं कुवेतहून नवा कॉम्प्युटर पाठवला होता आणि फोटोचं काम तालुक्यात त्याच्याइतकं सुरेख कुणी करत नव्हतं. छापलेली कव्हरं शनिवारी ताब्यात घेऊन मुंबईच्या गाडीनं पाठवायची, एवढंच माझं काम. सोमवारी तिला ती कॉलेजात द्यायची होती.

शनिवारी मी स्टुडिओत गेलो. इक्बालनं पडद्यावर कव्हर दाखवलं. पिवळं शेत, मधोमध माझी लाल खुर्ची, पाठमोरी, पाठीवर 'रेश्मा मंडप डेकोरेटर्स, महाड'. वर बारीक अक्षरात 'पहिली रांग'. बाकी काही नाही. माणूस नाही, काणूस नाही. आयुष्यात इतका पडलेला कार्यक्रम मी पाहिला नव्हता!

"माणसं कुठायत?" मी विचारलं.

"नायतच. तिला तसंच पायजे."

"अरे, मुंबईचे प्रोफेसर बघणार. म्हणतील, महाडला कार्यक्रमाला कुत्रंही येत नाही."

"काका, तिनं बजावलंय. बोट लावायचं नाय."

"ती लहान आहे. तू कुणाला तरी बसव."

"कोनाला?"

आता खुर्ची कुणाची, तर माझी. मी खिशातून माझा फोटो काढला. व्यापारी मंडळानं सत्कार केला होता तेव्हाचा, शाल आणि नारळासह. (तो मी कायम जवळ ठेवायचो. लाज वाटते, पण सगळं सांगायचं ठरवलं आहे.) इक्बालनं फोटो उलटसुलट करून पाहिला. खुर्ची पाठमोरी आणि मी समोर बघतोय, हे त्यानं मला शांतपणे समजावलं. खुर्चीत बसवलं तर पाठीवरचं नाव झाकलं जाणार, हेही सांगितलं. नाव झाकून कसं चालेल? तेव्हा माझं नारळापासून वरचं अंग खुर्चीच्या पाठीच्या वर चिकटवायचं ठरलं.

"पाय कुठं गेले म्हनून विचारतील लोक," इक्बाल म्हणाला.

"लोक पायांकडं बघत नाहीत."

मी बसलो. मग शेत मेव्हण्याचं, त्याचं नाव नाही आलं तर तो वर्षभर तोंड फिरवणार, म्हणून खाली 'सौजन्य' घालून त्याचं नाव टाकलं. मग एवढी जागा आहेच तर गोदामाचा फोन नंबर. एव्हाना इक्बालच्याही अंगात आलं होतं. आभाळ मोकळं दिसतंय, असं तो स्वतःहून म्हणाला आणि त्यानं दोन कबुतरं सोडली. (तेवढी कबुतरं मात्र त्याची. बाकी गुन्हा माझा.) मी छापलेली कव्हरं घालून पाकीट बंद केलं, चिकटपट्टी लावली आणि मुंबईच्या गाडीवाल्याकडं दिलं. इतकं समाधान मला कुठलाही मंडप बांधून झालं नव्हतं.

सोमवारी दुपारी गोदामात फोन वाजला.

"बाबा, कव्हरवर तुम्ही कसे?"

तिचा आवाज ऐकला आणि माझी हिंमत गेली. "इक्बालनं काहीतरी घोळ घातला असेल."

ती म्हणाली, "शाल-नारळासकट?"

फोन ठेवला तो तिनंच. गाडीवाल्यानं पाकीट सोमवारी सकाळी पोचवलं म्हणून तिनं ते वर्गातच उघडलं होतं. सगळा वर्ग हसला. हे गृहस्थ कोण, असं सरांनी विचारलं, आणि तिला उभं राहून 'माझे वडील' असं सांगावं लागलं. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं लिहून तिनं घाईघाईत दुसरं कव्हर केलं. कव्हरचे गुण गेले. ती दुसरी आली. स्टुडिओतली जागा पहिल्याला मिळाली.

हे सगळं मला बायकोकडून कळलं. रेश्मा माझ्याशी त्यावर एक शब्द बोलली नाही. आणि इक्बालला माझी थाप कळली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझ्या नावावर खपवलंत, चालेल काका. पन नारळाची सावली मी नीट दिली होती, तेवढं सांगा लोकांना."

दिवाळीच्या सुट्टीत ती व्हिडिओची सीडी घेऊन आली. चूक भरून काढायची म्हणून मी सगळी आळी बोलावली. अंगणात टीव्ही, समोर साठ खुर्च्या, वर पताका. एकही खुर्ची रिकामी राहिली नाही, फक्त पहिल्या रांगेत रेश्माच्या शेजारची सोडून. मी मागे वायरपाशी उभा होतो. कनेक्शन सैल होतं.

गाणं सुरू झालं. शाळेच्या अंगणात रिकामी लाल खुर्ची. नदीत, बांधावर तीच खुर्ची. आणि गाण्यात एक मुलगी सांगत होती, की स्नेहसंमेलनात मी नाचले तेव्हा खुर्च्या तुम्ही मांडल्या, बक्षीस घेतलं तेव्हा मंडप तुम्ही बांधला, आणि पहिल्या रांगेत तुमच्यासाठी राखलेली जागा दर वेळी दुसऱ्याच कुणाला तरी गेली.

सगळ्या माना हळूहळू माझ्याकडं वळल्या. ज्या खुर्चीत मी कधी येऊन बसलो नाही म्हणून पोरीनं गाणं केलं होतं, त्याच खुर्चीत मी नारळ घेऊन जाऊन बसलो होतो. तेही कव्हरवर, पाय नसताना!

"अहो, बसा आता तरी," बायको म्हणाली.

"बसतो," मी म्हणालो. "ही वायर जरा धरतो, नाहीतर जाईल."

आणि धरून उभा राहिलो, शेवटपर्यंत.

त्यानंतर माफी मागायची मी अनेकदा ठरवलं. तिच्या लग्नात ठरवलं, पण जेवणाच्या बाजूचं कापड फाटलं. फोनवर ठरवायचो आणि 'जेवलीस का' विचारून ठेवायचो. तिला पुढं पुण्यात चांगली नोकरी लागली, ती जाहिराती करते. तिच्या एकाही जाहिरातीत खुर्ची नसते. मी लक्ष ठेवून आहे.

गेल्या वर्षी नातीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. मी हट्टानं पुण्याला गेलो. शाळेत दोन तास आधी पोचलो! पण फाटकापाशीच मंडपाचा एक दोर सैल दिसला. तिथल्या माणसांना गाठ दाखवून आत येईपर्यंत नाच सुरू झाला होता. पहिल्या रांगेत रेश्मा बसली होती आणि शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती. तिनं माझ्याकडं न बघता पर्स उचलली. मी बसलो.

आता बोलायचंच, असं ठरवून मी तिच्याकडं झुकलो. "रेश्मा, त्या खुर्चीचं मला..."

"काय बाबा?"

"...ही हलक्या प्लास्टिकची आहे," मी म्हणालो. "मागं वाकते."