दोघांचा एक वीर

दादा मंगळवारी सकाळी गेला. मी राहुरीत नववीच्या वह्या तपासत होतो. वहिनींचा फोन आला आणि मी एसटीने कोपरगावला गेलो.

दादा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. आठवडाभर उसाचा रस तपासणारा हा गंभीर माणूस रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर राक्षस मारत असे. एक वीर, हातात कुऱ्हाड, आणि गुहेमागून गुहा. पण मी तेव्हा त्याच्याकडेच राहायचो, आणि आमच्या घरात तो वीर दोघांत होता. माउस दादाकडे, म्हणजे चालणं आणि मारणं त्याचं. कीबोर्ड माझ्याकडे, म्हणजे वीराचा जीव कमी झाला की लाल औषधाची बाटली पाजणं माझं. मोठ्या भावाने केलेली वाटणी अशीच असते.

मी मांडीवर पुस्तक घेऊन बसायचो. पान संपेपर्यंत वीर मेलेला असायचा. गावात तो पुन्हा जिवंत होई, पण चिलखत प्रेतापाशीच राही. ते आणायला तो नुसत्या चड्डीवर पळत सुटे आणि त्या सगळ्या नाचक्कीचा दोष दादा मला देई. मी औषध उशिरा दिलं, हे त्याचं म्हणणं. तो घोळक्यात आंधळेपणाने शिरतो, हे माझं. वाद कधी मिटला नाही.

शेवटच्या आजारपणात मी रजा काढून दवाखान्यात राहिलो होतो. पहिल्याच दिवशी तो नर्सबाईंना म्हणाला, "सिस्टर, गोळ्या ह्याच्याकडे देऊ नका. हा वाचत बसतो."

त्या हसल्या, मीही हसलो. पुढे एका दुपारची गोळी मी खरोखरच अर्धा तास उशिरा दिली. त्याने काही बिघडलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला ते दिवसा पटायचं.

दादा गेल्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत कोपरगावला गेलो तेव्हा त्या खेळाची नवी आवृत्ती दादाच्या कॉम्प्युटरवर घातली. गोष्ट जुनीच, चित्रं तेवढी नव्याने काढलेली. एक बटण दाबलं की जुनं धूसर चित्र दिसतं, पुन्हा दाबलं की नवं. जुन्यात वीराला धड चेहराही नव्हता. नव्यात त्याला चक्क पोट सुटलेलं दिसलं. ह्याच्यासाठी आम्ही इतके भांडलो होतो.

पुस्तक लांब ठेवलं. माउस आणि कीबोर्ड दोन्ही माझ्याकडे. दुसऱ्या गुहेत वीर मेला. पुन्हा गेलो, बाटली अगदी वेळेवर पाजली, तरी मेला. नीट पाहिलं तेव्हा कळलं, औषध हळूहळू चढतं. घोळक्यात शिरलेल्याला ते पुरत नाही.

वहिनी शेजारी शेंगा सोलत होत्या.

"भावजी, आज तर हातात पुस्तक नाही. मग कशाने मेला?"

"घाईने."

"ह्यांना ठाऊक होतं ते." त्यांनी मान वर केली नाही. "दर शनिवारी वाचनालयातून तुमच्यासाठी पुस्तक कोण आणायचं? मी एकदा विचारलं, की मग औषध कोण देणार? म्हणाले, औषधाचं काय एवढं, पुस्तक असलं की तो बसतो शेजारी."

वहिनींनी ताटलीतल्या मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या आणि चिलखत आणायला जायची आठवण करून दिली.

खेळ अजून दादाच्या कॉम्प्युटरवर आहे. सुट्टीत गेलो की मी खेळतो. वीर दुसऱ्या गुहेच्या पुढे गेलेला नाही. त्या अर्ध्या तासाचं मनात येतं, पूर्वीपेक्षा कमी.