आईला थोरला मुलगा होतो तेव्हा

सर्व नातेवाईक, इष्टमित्र आणि संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझ्या आईला वयाच्या शहात्तराव्या वर्षी अमेरिकेतल्या ईडन प्रेरी मुक्कामी पुत्ररत्न झाले आहे. बाळाचे वय अडुसष्ट वर्षे, उंची सहा फूट तीन इंच. डोक्यावर केस नाहीत, दात मात्र सगळे आहेत. बाळ आणि आई सुखरूप आहेत. आजवर एकुलता एक असलेला आणि आता पन्नाशीत अचानक धाकटा ठरलेला जो मी, तो तेवढा सुखरूप नाही.

हे बाळ म्हणजे आमचा शेजारी. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा, धंद्याने दातांना तारा लावणारा डॉक्टर, आता निवृत्त. त्यांच्यात तरुण पोरांना दोन वर्षं धर्मप्रचाराला कुठंतरी लांब धाडतात. याला एकोणिसाव्या वर्षी फिलिपाइन्सच्या एका बेटावर धाडलं होतं. ती दोन वर्षं केव्हाच संपली, ही गोष्ट त्याच्या बायकोला माहीत आहे, चर्चला माहीत आहे, फिलिपाइन्सलाही माहीत असावी. फक्त त्याला कुणी कळवलेलं नाही. परदेशी जाऊन इतका कायमचा तिथं राहिलेला, आणि तरीही रोज सकाळी माझ्या दारात उभा असलेला दुसरा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नसेल.

आता दारात उभं राहणं म्हणजे काय, तर आमच्या दाराला बेल आहे, बेलला कॅमेरा आहे, कॅमेऱ्याला माझा फोन जोडलेला आहे. हा गृहस्थ त्यातल्या कशालाही हात लावत नाही. बोटांच्या सांध्यांनी तीनदा टकटक करतो आणि मग दोन पावलं मागे सरून, हात मोकळे सोडून, हसत उभा राहतो. बाहेर उणे वीस असो, बर्फ भुरभुरत असो, दोन पावलं मागे म्हणजे मागेच. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ब्रदर, दार उघडणाऱ्याला आपण अख्खे दिसलो पाहिजे. उंबऱ्यात नाक खुपसून उभा असलेला माणूस कुणालाच आवडत नाही." बेटावर त्याने दोन वर्षांत एवढी दारं ठोठावली आणि एवढी तोंडावर आपटून घेतली, की दाराच्या आवाजावरून आतल्या माणसाचा स्वभाव सांगतो. माझ्या दाराबद्दल त्याचं मत आहे की ते "घाईत आपटतं."

दुसरी खोड त्याहून मोठी. मिशनवर, म्हणजे त्या धर्मप्रचाराच्या दौऱ्यावर, त्यांना एकट्याने कुठं जायची परवानगी नसते. कायम जोडीने. बाजारात जोडीने, नदीवर कपडे धुवायला जोडीने, डासांच्या जाळीत शेजारी शेजारी. याचा जोडीदार होता आयडाहोच्या एका बटाटेवाल्याचा मुलगा, त्याला भात बघितला की रडू यायचं, आणि बेटावर तीन वेळा भातच. तर या जोडीची सवय याच्या हाडात अशी मुरली, की आजही हा माणूस खिळे आणायला दुकानात एकटा जाऊ शकत नाही. बायको त्याला चाळीस वर्षांत विटली. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि उरलेल्या वेळात गोधड्या शिवते. त्यामुळे हा आजूबाजूला जोडीदार शोधत हिंडतो. दोन वर्षं मला विचारत होता, "ब्रदर, येतोस? नुसता बल्ब आणायचाय." मी दर वेळी म्हणायचो, "सॉरी यार, मीटिंग आहे." खोटं नव्हतं. माझी मीटिंग कायमच असते.

आणि मग सांगलीहून आई आली.

आई याआधी एकदा आली होती, तेव्हा पाचव्या आठवड्यात पळाली. "इथं गाड्या दिसतात, माणसं दिसत नाहीत," एवढं एकच वाक्य मागे ठेवून. या वेळी सहा महिन्यांसाठी यायला तिला तयार केलं, तेव्हा मी मनाशी प्रतिज्ञा केली होती की बाईला इथं रमवायचंच. मराठी चॅनेल घेतले, खिडकीपाशी गुबगुबीत खुर्ची ठेवली, देवघर करवून घेतलं. त्या खुर्चीत बसून आईनं चार दिवस बर्फ बघितला. मी वरच्या खोलीतून, हेडफोन एका कानावरून सरकवून, दर दोन तासांनी ओरडायचो, "आई, मजेत ना?" ती म्हणायची, "तू घाईत नाहीस ना?" सांगलीत आमच्या गल्लीत दारात आलेल्या प्रत्येकाला ती हाच प्रश्न विचारते. नाही म्हटलं की पाट, हो म्हटलं की वाटीत काहीतरी घालून रवानगी. मी म्हणायचो, "आहे गं जरा."

पाचव्या दिवशी टकटक झाली. आईनं दार उघडलं. अख्खा माणूस दिसला.

तिला इंग्रजी येत नाही आणि त्याला मराठी. पण मिशनवर त्याला कुणीतरी शिकवलं होतं, की भाषा येत नसेल तर हसायचं आणि समोर दिसेल ते उचलायचं. त्यानं आईच्या हातातला तांदळाचा डबा उचलला. मी खाली आलो तेव्हा तो आमच्या स्वयंपाकघरात बसून तिच्यासमोर तांदूळ निवडत होता. बेटावर शिकलेला होता! बोटं अशी चालत होती की आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ. ह्याला खडा ओळखता येतो." पाकिटातल्या तांदळात खडा नसतोच, हे मी सांगितलं. दोघांनीही ऐकलं नाही.

चहाची अडचण झाली. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य. आईला वाटलं त्याला पित्त आहे. मग तिनं त्याच्यासाठी आलं, गूळ आणि गवती चहाच्या पातीचा काढा सुरू केला, तो रोज अकराला उकळायला लागला आणि त्याचा वास वर माझ्या मीटिंगमध्ये यायला लागला. मी एकदा कप घेऊन खाली गेलो तर आई म्हणाली, "तुझं ते कॉफीचं मशीन आहे ना?" तिसऱ्या आठवड्यात ती त्याला अरे-तुरे करायला लागली. बायकोला मी हे घायकुतीला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "तुला चक्क मत्सर वाटतोय."

"मला? त्या टकल्याचा?"

"हो. आणि मला विचारशील तर सासूबाईंना असा माणूस मिळाला म्हणून मी नारळ फोडणार आहे. तू मध्ये येऊ नकोस."

आता धर्माचं. मला पहिल्यापासून धाकधूक होती की हा आईला बाटवणार. एक दिवस त्यानं खरोखरच आपल्या धर्माचं निळं पुस्तक आणून तिच्या हातात दिलं. मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरून आलो. तोवर आईनं पुस्तक कपाळाला लावून देवघरात ठेवलं होतं, त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं आणि वर जास्वंद नाही म्हणून प्लास्टिकचं फूल ठेवलं होतं. "पुस्तक म्हणजे सरस्वती," ती म्हणाली. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "ब्रदर, बेटावर मी घरोघर फिरलो. एकानं ते टेबलाच्या पायाखाली घातलं, एकीनं त्यात मासळी बांधली. एवढा मान कुणीच दिला नाही." त्यानंतर धर्मांतराचा विषय दोन्ही बाजूंनी संपला. दोघांनाही वाटत होतं आपण जिंकलो.

उपासात तर त्यानं मला साफ आडवं केलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते लोक दोन वेळचं जेवत नाहीत आणि पाणीही पीत नाहीत. तो रविवार नेमका एकादशीला आला. मी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर दही, अशी उपासाची आरास घेऊन बसलो होतो. तो समोर कोरडा बसला होता, ओठ सुकलेले आणि चेहऱ्यावर तेच हसू. आईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्या ताटाकडे. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण कळस झाला तो तळघरात. संकटकाळासाठी घरात वर्षभराचं धान्य ठेवावं, अशी त्यांची शिकवण. याच्या तळघरात छतापर्यंत गव्हाची पिंपं आहेत आणि कोपऱ्यात घरघंटी. हे आईनं बघितलं त्या दिवशी ती घरी आली ती माहेरी जाऊन आल्यासारखी. "अरे, साठवण आहे त्याच्याकडं! साठवण! तुझ्याकडं काय आहे? पाकीट!" दुसऱ्या दिवसापासून ती साडीवर माझा जुना कोट आणि पायात माझ्या बायकोचे बूट घालून दळणाला निघायला लागली. पिंप तो उचलायचा, पीठ ती चिमटीत धरून बघायची. परत येताना कधी बल्बला, कधी खिळ्यांना, कधी नुसतंच. मला एकदा सिग्नलला ते दोघं दिसले. तो मोठमोठ्यानं बेटावरच्या भाषेत काहीतरी गात होता आणि आई हसत होती. गाडीत मी एकटा होतो, आणि कानात माझा मॅनेजर.

एक गोष्ट मात्र त्यानं मला भाषांतर करायला लावून तिला सांगितली. मिशनवर असताना घरी वर्षातून दोनदाच फोन करता यायचा, नाताळला आणि अमेरिकेतल्या मातृदिनाला. त्यासाठी तो आणि बटाटेवाला बोटीनं मोठ्या गावी जायचे, रांगेत बसायचे. पहिल्या फोनला त्याची आई सगळा वेळ रडली आणि त्याला काही सुचेना म्हणून त्यानं तिला भात कसा शिजवतात ते सांगितलं. "शब्द न् शब्द आठवतो," तो म्हणाला. आईनं डोळ्याला पदर लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा सांगलीला रोज करतो फोन. पण बोलताना मागं ती कॉम्प्युटरची बटणं वाजत असतात, टकटक टकटक. मला वाटायचं दारात कोण आलंय." हे मी भाषांतरित केलं नाही.

आणि मग माझी प्रार्थना फळाला आली. त्यांच्यात म्हातारपणी नवरा-बायको पुन्हा मिशनवर जाऊ शकतात. कुठं जायचं ते चर्च ठरवतं. ते पत्र सगळ्यांना जमवून, त्यांच्यासमोरच उघडून वाचतात, आणि वाचायच्या आधी भिंतीवरच्या नकाशावर प्रत्येकानं आपला अंदाज टाचणीनं लावायचा. घर माणसांनी भरलं होतं. कुणी ब्राझीलला टाचणी लावली, कुणी इटलीला. आईनं बोटानं सांगली शोधली आणि तिथं लावली. मी इकडंतिकडं बघून नकाशावरची सगळ्यात लांबची, सगळ्यात थंड जागा हेरली आणि मंगोलियाला लावली.

त्यानं वाचलं. मंगोलिया. दीड वर्ष इंग्रजी शिकवायचं.

टाळ्यांचा कडकडाट झाला, तो त्याच्याइतकाच माझ्यासाठी. लोक माझी पाठ थोपटायला लागले. त्यानं मला मिठीत उचललं, "ब्रदर, तुला आतून जाणवलं!" म्हणाला. मी त्या मिठीत लोंबकळत असताना आईनं विचारलं, "मंगोलिया कुठं आलं रे?"

"लांब आहे."

"इथनं जवळ की सांगलीहून?"

मी विचार केला. "सांगलीहून."

"मग मला लवकरचं तिकीट बघ," आई म्हणाली. "निदान त्याला जरा जवळ तरी पडेन."

तो गेला. या वेळी जोडीदार म्हणून बायको होती, ती विमानतळावर जाताना मांडीवर गोधडी घेऊन बसली होती. घरघंटी आमच्या गॅरेजमध्ये आली, गव्हाचं एक पिंप आलं. आई पुन्हा खिडकीपाशी बसली. अकरा वाजता काढा उकळत नव्हता. मी खाली जाऊन म्हटलं, "आई, चल, दळण दळू," तर म्हणाली, "असू दे, तुझी कामं आहेत." वरून हाक मारली तर "मजेत आहे" म्हणाली. तिकिटाचं दोनदा विचारलं. घरातल्या घरात तिच्यापाशी पोचायचा रस्ताच मला सापडेना.

काल सकाळी मी मीटिंग कॅन्सल केली. मागच्या दारानं बाहेर पडलो, घराला वळसा घालून पुढं आलो. बर्फ पडत होता. बेलला हात लावला नाही. बोटांच्या सांध्यांनी तीनदा टकटक केली, दोन पावलं मागे सरलो, हात मोकळे सोडले आणि हसत उभा राहिलो. आतून चपला घाईघाईनं फरफटत आल्या. मला इतकी वर्षं तिच्या पायांना एवढी घाई असते हे माहीत नव्हतं. दार उघडलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि ती विचारायच्या आतच मी म्हणालो, "घाईत नाहीये."

"अगंबाई, तू होय!" आई म्हणाली. "मला वाटलं, आपलं कुणीतरी आलं!"