रोबो घ्यावा, पण आखूड

धुकं इतकं दाट उतरलं होतं की समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसत नव्हती, नुसता चपलावाला खोकताना ऐकू येत होता. टेपताईने शटर अर्धं वर ढकललं, दिवा लावला आणि शिलाई मशीनला तेल दिलं. थंडीत मशीनही माणसासारखं कुरकुरतं, पहिले काही टाके त्याच्या मनाविरुद्धच घालून घ्यावे लागतात. तेल दिल्यावर ती नेहमीसारखी जुन्या चिंधीवर शिलाई मारत बसली. जास्तीचं तेल चिंधी पिते आणि गिऱ्हाइकाचा कपडा वाचतो. चिंधी अर्धी भिजली असेल नसेल, तेवढ्यात आतल्या खोलीतून पेला वाजला.

पेला म्हणजे सासूबाई.

न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता चालवा. पण हाड जुळलं तरी धीर काही जुळला नव्हता. पलंगाशेजारी वॉकर उभा होता, त्याच्यावर टॉवेल वाळत. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती एकदा स्पष्टच म्हणाली, "आजी, असं पडून राहिलात तर पाय चालणं विसरतील हं."

"माझे पाय आहेत, त्यांचं ते बघून घेतील," सासूबाई म्हणाल्या. ती गेल्यावर सुनेला म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे. पण स्वतः बघ कशी चालते, बदकासारखी."

हातातला स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर वाजवला की टेपताईने उठायचं. पाणी हवं असायचं, पांघरूण सरकलेलं असायचं. बहुतेक वेळा मात्र एकच हवं असायचं. "कोण आलंय गं?" पडायच्या आधी सासूबाई पुढे दुकानात खुर्ची टाकून काज-बटण करायच्या. गल्लीतली एकही बातमी त्यांच्या सुईच्या नेढ्यातून ओवून निघाल्याशिवाय पुढे जात नसे. टेपताईला काज करायला त्यांनीच शिकवलं होतं, शिव्या घालत. आता त्यांची खुर्ची रिकामी होती. ती तशीच कायमची रिकामी राहील की काय, ही धास्ती टेपताईला होती. तोंडाने ती म्हणायची, "उठबस करून माझेच गुडघे जातील एक दिवस."

मग एक दिवस एक बाई मुलीला फ्रॉकच्या ट्रायलसाठी घेऊन आली. पोरीच्या हातात रिमोट होता आणि पायाशी पोट सुटलेला, लाल डोळ्यांचा रोबो. फ्रॉक डोक्यातून घालताना पोरीचं बोट बटणावर दाबलेलं राहिलं आणि रोबो गरगरत थेट पडद्याखालून आतल्या खोलीत घुसला.

"अगं बाई! हा कोण मेला?" आतून आवाज आला. मग चक्क हसणं. सासूबाई हसल्याला किती दिवस झाले होते, ते टेपताईला आठवेना.

माय-लेकी निघून गेल्या. संध्याकाळी वरण-भात वाढताना सासूबाईंनी विचारलं, "तो परत कधी येणार?"

"कोण?"

"तो गं. तो ठोंब्या."

जेवताना टेपताईने नवऱ्यापुढे विषय काढला. नवरा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. घास तसाच हातात धरून तो बघत राहिला.

"आईला? खेळणं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घातलं तर चूळ भरा," टेपताई म्हणाली. "मी विचारत नाहीये, सांगतेय."

"अगं, पण तो रोबो करणार काय? दोन दिवस खेळेल, मग माळ्यावर. असल्या वस्तू घेण्यासारख्या नसतात."

हे मात्र तिला पटलं. म्हणून नीट बघूनच घ्यायचा असं ठरवून ती खेळण्यांच्या दुकानात गेली. टेप तिच्या गळ्यात असतोच, भाजीला जातानाही. त्यावरूनच तर गल्लीने तिचं नाव पाडलेलं.

खेळणीवाल्याने हसून विचारलं, "बाळ केवढं आहे ताई?"

"बाळाला दात नाहीत," टेपताई म्हणाली. "वरची कवळी घालतं, खालची डब्यात ठेवतं."

खेळणीवाला जरा सावरून बसला. त्याने दोन रोबो काढले. "हा भारी. घरात कुठूनही चालवा, भिंत आड आली तरी ऐकतो. नाचतो, इंग्लिश बोलतो. आणि हा साधा. हा जरा लांब गेला की मालकाला ओळखत नाही. हा नका घेऊ, लोक शिव्या देत परत आणतात."

"चालवून दाखवा."

"खेळण्याची ट्रायल नसते हो."

"मी ट्रायलशिवाय साधा कोट देत नाही," असं म्हणत तिने गळ्यातला टेप काढला आणि भर दुकानात जमिनीवर पसरला. साधा रोबो जिथे रिमोटचं ऐकेनासा झाला, तिथे बोट ठेवून ती उकिडवी बसली आणि मनातल्या मनात आपलं घर मोजायला लागली. पलंग, पडदा, कटिंगचं टेबल, शटर. रोबो पार आखूड पडत होता.

आता, कापड आखूड आलं की सरळ शिंपी त्याला जोड देतो. बेरकी शिंपी गिऱ्हाइकाला म्हणतो, जरा हात आत ओढून उभे राहा बघू, कशी बाही बरोबर बसते! टेपताईने आयुष्यभर सरळ शिवणकाम केलं होतं. त्या दिवशी मात्र तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"हा आखूडच द्या," ती म्हणाली.

ठोंब्या घरी आला. सासूबाईंनी उशीवरूनच बटण दाबलं. ठोंब्या ऐटीत निघाला आणि पडद्यापाशी जाऊन ठार उभा राहिला.

"पुढे जा ना मेल्या! अगं, हा हलत नाही!"

"आई, जरा उठून बसा. त्याला तुम्ही दिसत नसाल."

सासूबाई उठून बसल्या. ठोंब्या पडद्यापलीकडे गेला. मग पाय खाली सोडून बसल्या, तेव्हा तो टेबलापर्यंत पोचला. पडद्याखालच्या फटीतून त्याच्या मागोमाग त्यांना गिऱ्हाइकांचे पाय दिसत. तेवढ्यावर त्या खूश झाल्या. "ए, आज कोण आलंय गं फाटक्या मोज्याचं?" असं पलंगाच्या काठावरूनच ओरडायच्या. गिऱ्हाईक बिचारं पाय लपवायचं. आणि गाडी तिथेच अडली. काठावर बसून भागतंय म्हटल्यावर उभं कोण राहणार?

मग टेपताईने एक पाप केलं. सासूबाईंचा डोळा लागल्यावर तिने रिमोटमधले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले आणि घड्याळातले मरायला टेकलेले सेल रिमोटमध्ये. घड्याळाला तरतरी आली, रिमोटला धाप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन बायका पडद्याचं कापड घेऊन आल्या. कापड निमित्ताला, खरी आणलेली बातमी. गल्लीच्या टोकाला दातांचा डॉक्टर होता. त्याने आपली स्वतःची दाढ चोरून दुसऱ्याच डॉक्टरकडे जाऊन काढून घेतली होती. बायका खुसखुसत सांगायला लागल्या आणि आतून ठोंब्या थांबत-अडखळत निघाला. कसाबसा टेबलाखाली आला न आला, तोच खाली लोंबणारा दोरा त्याच्या चाकात गेला. चाक फिरतंय, दोरा गुंडाळतोय, रीळ उड्या मारतंय. ठोंब्या अडकून कण्हायला लागला.

"अगं, अडकला तो!" पेला वाजला.

"हात गुंतलेत आई!" टेपताई ओरडली आणि रिकाम्या मशीनवर पाय मारत राहिली. खाली कापडच नव्हतं. बायका तिच्याकडे बघायला लागल्या. तिने डोळ्यांनीच त्यांना दटावलं, बोलत राहा.

"आणि बाई, तो दुसरा डॉक्टर आहे ना, तो म्हणजे…" त्यातली एक आवाज खाली आणून म्हणाली.

पेला वाजायचा थांबला. आत टॉवेल खाली पडल्याचा आवाज आला. मग पलंग करकरला. मग, टक्. टक्. मधे बराच वेळ काहीच नाही. टेपताईने मशीन थांबवलं. धावावं का? पडल्या तर? पुन्हा तेच हाड मोडलं तर सगळी चूक माझी, सेलची, त्या चोरीची. ती अर्धी उठली. बसली. पुन्हा अर्धी उठली. टक्. पडदा हलला आणि सासूबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या, केस विस्कटलेले, कपाळावर घाम.

"कोणाकडे काढली दाढ?" त्यांनी विचारलं.

टेपताईने खुर्ची पुढे केली. मग खाली मान घालून ती ठोंब्याचा दोरा सोडवत बसली.

पण मौज तेवढ्यावर टिकेना. दुपारी सासूबाईंनी निकाल दिला, खेळण्यात खोट आहे. खेळणीवाला पँट न्यायला आला, तेव्हा त्याला पकडून रिमोट हातात दिला. त्याने झाकण उघडलं.

"आजी, सेल मेलेत की हे! कुठले घातलेत?"

टेपताईला नेमकं तेव्हाच सुईत दोरा ओवायचं सुचलं. सुई मशीनची होती, आणि दोरा तिच्यात आधीच होता.

खेळणीवाल्याने खोक्यातल्या सेलपेक्षा दुप्पट जोराचे, नवेकोरे सेल घातले. आता ठोंब्या पलंगापासून निघून टेबल ओलांडून पार शटरपर्यंत जाऊ लागला. सासूबाई उशीला टेकल्या. वॉकरवर टॉवेल पुन्हा वाळत पडले.

"झालं," रात्री नवरा म्हणाला. "आधी पेला होता, आता पेला आणि रोबो. म्हटलं होतं ना मी?"

टेपताईने ताटं उचलली.

सकाळी ती कोटाची घडी मोडत होती, तोच ठोंब्या आला. एकटाच. टेबलाभोवती फेरी मारली, तिच्या पायाला ढुशी दिली, परत गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. दुकानात दोघी-तिघी होत्या, हसत होत्या. ठोंब्या त्यांच्या पायांतून हिंडला, परत गेला. टेपताईने मान वर केली नाही.

आतून सासूबाईंचा आवाज आला. ठोंब्याशीच बोलत होत्या. "जातोस आणि येतोस. सांगत काही नाहीस. मुका मेला! काय हसत होत्या त्या, बोल की!"

ठोंब्या बोलला नाही. तो साधा होता.

मग टॉवेल भिरकावल्याचा आवाज आला. पलंग करकरला. टक्. टक्. या वेळी टेपताई उठली नाही, अर्धीसुद्धा नाही. पडदा बाजूला झाला. सासूबाई येऊन खुर्चीत धपकन बसल्या, दम खाल्ला, समोरचा कोट ओढला आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ही काजं तू केलीस की उंदरांनी?"

"उंदरांनीच, आई. तुम्ही आत होतात ना, त्यांना रान मोकळं."

"तोंड बघा हिचं! कात्री दे इकडे."

धुकं निवळलं तेव्हा चपलावाला खोकत आला. ठोंब्याकडे बघून म्हणाला, "आजी, माझी नात असाच मागतेय. घेण्यासारखा आहे का हो?"

सासूबाईंनी दोरा कात्रीने कापला. "नातीला कशाला? तिचे पाय धड आहेत की. त्यापेक्षा तुझ्या बायकोला घे. गुडघे दुखतात म्हणून दारातसुद्धा येत नाही ती."

चपलावाला विचारात पडला. टेपताईने त्याच्याकडे पाठ केली, कारण हसू आवरत नव्हतं, आणि एका जाड्या माणसाच्या पँटची कंबर उसवायला घेतली. आज संध्याकाळपर्यंत ती सैल करून द्यायची होती.