टोपीतलं कुंकू

मोटारीच्या इंजिनात कुंकू लावणारी बाई संगमनेरात आजवर एकच झाली, आणि ती मी. दसऱ्याला सारं गाव बॉनेटवर स्वस्तिक काढून, झेंडूची माळ घालून मोकळं होतं; पण मी पडले तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालेली, लग्नाला वर्षही न उलटलेली, अंगभर शहाणपण माखलेली सूनबाई. देव गाभाऱ्यात असतो, मग कुंकू कळसाला का लावायचं, असा बिनतोड प्रश्न मला पडला. यजमानांनी एकदा डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी उघडून दाखवली होती: गाडीचा जीव इथे, इथूनच चारी प्लगना करंट जातो. झालं! घर पूजेच्या गडबडीत असताना मी टोपीच्या दोन्ही क्लिपा सोडल्या, आतल्या भिंतीवर ओल्या कुंकवाची दोन बोटं ओढली आणि टोपी पुन्हा जागच्या जागी बसवली. स्वतःवर इतकी खूश मी पुढे आयुष्यात कधी झाले नाही.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला न्यायचं होतं. परतीच्या पावसाने हवा ओथंबलेली, रस्त्याकडेच्या शेतांतून कापलेल्या बाजरीचा कोंदट गोड वास येत होता, आणि चंदनापुरीच्या घाटात पहिल्याच चढाला आमची गाडी खोकू लागली, दोन आचके देऊन मुकी झाली. यजमान प्लग काढून पुसत होते, पुन्हा लावत होते. मागच्या सीटवर सासरे दुखरा डोळा तळव्याने झाकून घड्याळ विचारत होते. कुंकवावरून करंट कुठे वाट चुकला असेल हे त्या घाटात एकट्या मलाच ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पदराशी चाळा करीत डोंगर पाहत राहिले. जणू डोंगर पाहायलाच मला आणलं होतं.

अखेर संगमनेरहून बबन मेस्तरीला बोलावून आणलं. गाडीचं सारं काम दसऱ्याआधी त्यानेच केलेलं. आमच्याकडे पाठ करून त्याने टोपी उघडली, फडक्याने बराच वेळ काहीतरी पुसलं, ती बसवली, आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. पुण्याची वेळ तेवढ्यात टळून गेली होती. शस्त्रक्रिया पुढे पंधरा दिवसांनी झाली, डोळाही वाचला. सासऱ्यांचा राग तेवढा वाचला नसता तर बरं होतं. सणाच्या घाईत ह्याने काम कच्चं ठेवलं, असं ते पेढीवर, लग्नघरात, भेटेल त्याला सांगत राहिले, आणि त्यांच्या शब्दाला गावात वजन होतं. दोन वर्षांत मेस्तरीच्या गॅरेजपुढे उभी राहणारी गाड्यांची रांग विरत गेली, आणि एक दिवस पत्रे उतरवून तो शेजारच्या अकोल्याला निघून गेला. कुंकू जळून गेलं असेल, त्याला ते दिसलंच नसेल, अशी समजूत मी स्वतःला घातली. लोणचं मुरवावं तशी ती मी निम्मं शतक मुरवली.

आता यजमान नाहीत, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणंही संपलं, गाडी आहे. दर रविवारी मी ती सुरू करून नदीपर्यंत नेते, आणि नाती माझ्या स्कार्फला हसतात. यंदा नवरात्र सरता सरता तिला नवंच दुखणं जडलं. थंड असताना गुणी बाळासारखी चालायची. तापली की मरायची, तासाभराने पुन्हा शहाणी. मी प्लग बदलले, पॉइंट घासून त्यांच्यातली फट मोजून लावली, कंडेन्सरही नवा घातला. एका नव्या गॅरेजवाल्याने बिघाड सांगणारं आपलं कॉम्प्युटरचं यंत्र जोडायला जागा शोधली आणि "आजी, हिला जोडायची जागाच नाही हो," म्हणून सहानुभूतीने निघून गेला. शेवटी मी टोपी उघडली. आत लख्ख होतं. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लगोलग लाज वाटली.

म्हणून अकोल्याला निरोप धाडला. बबन मेस्तरी एसटीने आला. केस कापसासारखे, नजर अधू, हात तेच. "कालिजात पोरं शिकवायची सोडून पिलग काढाय लागला व्हय, वैनी?" एवढं चिडवून तो स्टुलावर बसला, गाडी सुरू करायला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. इंजिन अडखळलं तशी त्याने ठिणगीचा करंट पुरवणाऱ्या कॉइलवर ओलं फडकं टाकलं. फडक्यातून वाफ निघाली, ठोके हळूहळू सावरले.

"कॉइल गेली. आतली तार तुटलीया. गार हाय तवर टोकं भिडून असत्यात, तापलं की सुटत्यात. वरनं काय सुदीक दिसत न्हाई."

अंगणात झेंडू सुकत होता, त्याचा उग्र वास पेट्रोलच्या वासात मिसळत होता. गार असेपर्यंत सगळं जुळलेलं दिसतं हे तो कॉइलविषयीच बोलत होता. पण मला गप्प राहवेना. चहाचा कप त्याच्या हाती देता देता मी दसऱ्यापासून घाटापर्यंतचं सगळं एका दमात सांगून टाकलं. या वयातही माझा आवाज चोरी करताना पकडलेल्या पोरीसारखा चिरकला. मेस्तरीने कप खाली ठेवला. बोटं एकेक करून फडक्याला पुसली. माझ्याकडे न बघता, त्या बंद केलेल्या, थंड होत चाललेल्या इंजिनाकडे बघत तो म्हणाला,

"ठाव हाय, वैनी. टोपी उघडली तवाच दिसलं. लाल बोटं, आन मधनं जळल्याली काळी रेघ. सासऱ्याम्होरं नव्या सुनेचं नाव कसं घ्यायचं, म्हून पुसून टाकलं. म्हनलं, आज न्हाई उद्या तुमीच सांगाल. लई वाट बघितली. मंग वाटलं, इसरला असाल."