सात कमळं आणि एक पान

आम्हा लंडनच्या मराठी बायकांत नावांपेक्षा गावं जास्त चालतात. ती स्टॅनमोरची, मी एजवेअरची. तिचा फोन आला की "काय गं एजवेअर, आहेस का घरात?" असंच सुरू होतं, आणि आता या वयात मी घरात नसले तर कुठे असणार, हे तिलाही माहीत असतं.

गेल्या वर्षी नाताळच्या आधी असाच तिचा फोन आला. म्हणाली, "अगं, त्या पिशव्यावाल्यांनी माझी रांगोळी परत पाठवली."

रांगोळी परत कशी पाठवतील, पोस्टाने का, असं मी विचारलं. मग तिने सगळं सांगितलं. तिचा मुलगा एडिनबराला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. आईने एकटीने राहू नये म्हणून बरेच दिवस मागे लागला होता, आणि शेवटी तिने हो म्हटलं. घर विकलं गेलं होतं, फेब्रुवारीत निघायचं होतं. त्याआधी संक्रांतीचं एक हळदीकुंकू, स्टॅनमोरच्या घरातलं शेवटचं. तिच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या त्या तिची रांगोळी बघायला. पण हल्ली तिचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. चिमटीतून रांगोळी सोडणं कधीच बंद झालं होतं.

"म्हटलं, काढता येत नाही तर वाणात देऊ," ती म्हणाली. "काळी कापडी पिशवी, वर पांढरी रांगोळी. जिच्या तिच्या घरी एकेक राहील. जुना फोटो पाठवला, तर ते म्हणतात याच्यावरून छापता येत नाही, नीट आर्टवर्क पाठवा. व्हेक्टर का काय ते. तू हेच करायचीस ना गं?"

"हेच करायचे," मी म्हटलं. आणि खरं सांगते, कुणीतरी असं विचारलं म्हणून मला फार बरं वाटलं.

आता हे काम म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझ्या सुनेलासुद्धा वाटतं की मी मगांवर चित्रं काढायचे. चित्रं दुसऱ्यांची असायची. एजवेअरच्या मागच्या बाजूला औद्योगिक शेड आहेत, त्यातल्या एकात आमचा छोटा कारखाना होता. मालक केनियातून आलेले गुजराती, सगळे त्यांना भाई म्हणायचे. पेनं, मग, छत्र्या, किल्लीच्या रिंगा, कापडी पिशव्या. दुकानं नि ऑफिसं आपलं नाव छापून गिऱ्हाइकांना फुकट वाटतात ना, त्या सगळ्या वस्तू. मी तिथे लागले ती कॉफीचे मग कागदात गुंडाळून खोक्यात भरायला. कॉम्प्युटरवर फायली तयार करणारा माणूस सोडून गेला, दुसरा मिळेना, आणि मी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खुर्चीत बसून बघायला लागले. मला शिकवलं कुणी नाही. मला शिकवलं ते अन्डूच्या बटणाने. दाबलं की केलेली चूक पुसली जाते, अशी सोय मी तोवर संसारात कुठे पाहिली नव्हती.

गिऱ्हाइकं काय काय पाठवायची. एक प्लंबर होता, त्याने आपल्या व्हॅनचा फोटो पाठवला, लोगो म्हणून. अर्ध्या अक्षरांवर दाराचं हँडल. एका दंतवैद्याला पेनवर अख्खी इमारत हवी होती, खिडक्यांसकट. भाई माझ्या खांद्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "बेन, पेन नानी छे, एवढीशी. साहेबांना सांगा, एक दात चालेल." मी तो निरोप जरा सभ्य करून इंग्रजीत लिहायचे. कडेपर्यंत रंग हवा असेल तर तो कापायच्या रेघेच्या बाहेर थोडा न्यावा लागतो, हे मला एकदाच सांगावं लागलं. करंजी कातताना कड सोडतोच की आपण. कातणं फिरलं की जादाचं बाहेर पडतं, आणि करंजी उघडी पडत नाही.

भाई गेले, शेड दुसऱ्या कुणी घेतली, तिथे आता कसलंसं जिम आहे. बसमधून जाताना मी अजून त्या बाजूला बघते. शाईचा वास येत नाही, पण नाक वाट बघतं.

असो. स्टॅनमोरची दुसऱ्या दिवशी बसने अल्बम घेऊन आली. आम्ही चहा केला आणि फोटो बघत बसलो. इतक्या वर्षांचे फोटो, पण सगळ्यांत साड्या, दागिने, हसणारे चेहरे. रांगोळी आली तर कोपऱ्यात, कुणाच्या तरी पायाजवळ. पूर्ण रांगोळी एकाच फोटोत होती. तो जिन्यावरून खाली बघत काढलेला. तिच्या हॉलमध्ये जिन्याच्या पायथ्याशी काळी रंगवलेली प्लायवूडची फळी, तिच्यावर रांगोळी. ती फळी भाऊजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, करून दिली होती. इथे जानेवारीत दारापुढे काही काढलं तर तासाभरात वाहून जातं. भाऊजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली; त्यानंतरही तिने हळदीकुंकू बंद केलं नाही, आणि आम्ही बायकांनी जाणं.

"हीच घे," ती म्हणाली.

"दुसरी एखादी तू आता कागदावर काढून दिलीस तरी चालेल."

"हीच घे म्हटलं ना."

मी घेतली. ती गेल्यावर कॉम्प्युटर लावला. फोटो म्हणजे दाणे असतात. रांगोळीचेच समजा. मोठा केला की दाणे सुटे होतात आणि चित्र विस्कटतं. छापणाऱ्यांना हवी असते रेघ, कितीही मोठी केली तरी न तुटणारी. म्हणून फोटो खाली ठेवायचा आणि त्यावरून एकेक बिंदू देत रेघ ओढत जायची. ठिपके जोडणंच ते. मधे वर्तुळ, भोवती आठ कमळं. ठरलेली पद्धत अशी, की आठही काढत बसायचं नाही. एक कमळ नीट काढायचं आणि गोल फिरवत त्याच्या नकला लावायच्या. रांगोळी काय, घड्याळाची तबकडी काय, मी असंच करत आले. खाली डाव्या अंगाला काही तरी गिचमिड दिसत होतं, रांगोळीचं ढेकूळ पडल्यासारखं. तिथेही कमळ फिरवून बसवलं. काय देखणी झाली म्हणता. मी स्वतःवर खूश होऊन कंपनीला फाईल पाठवली, आणि त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला चक्क पुऱ्या केल्या.

दोन-चार दिवसांनी कंपनीने छापण्याआधीचा नमुना पाठवला, तिला आणि मला. लगेच फोन.

"एजवेअर, अगं ही रांगोळी काळी आहे."

"फाईल काळीच असते."

"हळदीकुंकवाला काळी रांगोळी? लोक काय म्हणतील, घरातून जाताजाता हिने हे काय मांडलं?"

मी तिला समजावलं. छपाईच्या फाईलमध्ये काळं म्हणजे इथे शाई लाव, एवढाच अर्थ. शाई कुठली ते वेगळं सांगायचं, आणि आपण पांढरी सांगितली आहे. पांढरी रांगोळी पांढरीच काढून पाठवली असती तर त्यांना वाटलं असतं, इथे काही छापायचंच नाही, आणि तुला कोऱ्या पिशव्या आल्या असत्या.

"मग ठीक," ती म्हणाली. मग विचारलं, "आणि पान कुठे गेलं?"

"कुठलं पान?"

"खाली, डाव्या हाताला."

मी फोटो पुन्हा बघितला. "ते होय. ते बिघडलं होतं गं जरा. मी नीट करून टाकलं."

"बरं," ती म्हणाली. "छान आहे. मी हो म्हणून कळवते त्यांना." आणि फोन ठेवला.

आता, आपल्या बायकांचं हे "छान आहे" मला चांगलं ओळखू येतं. न आवडलेली साडी आहेरात आली की असंच म्हणतात. मी एक तास कसाबसा घरात काढला आणि कोट घालून बसस्टॉपवर गेले.

तिच्या घरात सगळीकडे खोकी. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो, ती वरच्या, मी खालच्या. मी सरळ विचारलं, "काय आहे त्या पानात?"

"तुला आठवत नाही?"

"नाही."

"अगं, तू इथेच उभी होतीस." तिने हॉलकडे बोट दाखवलं. बोट थरथरत होतं, पण जागा नेमकी होती. "बायका येत होत्या, हे सगळ्यांचे कोट घेऊन वर बेडरूममध्ये ठेवत होते. एवढा मोठा ढीग हातात, खालचं काही दिसेना. पाय पडला तो थेट कमळावर. आणि तसेच वर गेले."

तेव्हा मला आठवलं. रांगोळी नाही आठवली आधी, मोजा आठवला. भाऊजींचा मोजा तळाशी पांढरा झाला होता, आणि जिन्याच्या लाल कार्पेटवर एकाच पायाची पांढरी पावलं उमटत वर गेली होती. सगळ्या बायका हसत सुटल्या. कुणीतरी म्हणालं, "भाऊजी, लक्ष्मीची पावलं घरात येतात, तुमची कुठे निघाली?" आणि ते वरून म्हणाले, "कोट ठेवायला." मग वरूनच त्यांनी फोटो काढला, आपण काय उद्योग केला ते दाखवायला. रांगोळी पूर्ण आली ती म्हणून.

"तेवढ्यात पुन्हा बेल वाजली," ती सांगत होती. "कमळ परत काढायला वेळ नव्हता. मी रडकुंडीला आले होते. तेव्हा तू म्हणालीस, अगं, कमळ आहे तिथे पान असतंच. पान काढ. मी त्या फिसकटलेल्या कमळावरच दोन रेघांत पान काढलं, फोटो निघाला तो त्यानंतर."

"मी म्हणाले?"

"तूच."

आणि तेच मी पुसलं होतं, नीटनेटकं करायच्या नादात. तिच्या हातून आता रांगोळी होणार नव्हती, हे घर राहणार नव्हतं, भाऊजी तर नव्हतेच. उरलेलं जे काही होतं, ते त्या वाकड्या पानात होतं. आणि मी तिला दिली होती कुठल्याही दुकानात स्टिकर मिळतो तशी रांगोळी.

"हो म्हणून कळवलंस?" मी विचारलं.

"बटण दाबलं."

मी तिथूनच कंपनीला फोन लावला. फोनवर एक बाई होती. नाताळची सुट्टी लागायची होती, मागे लोकांचा गलका चालला होता. मी इथल्या बायकांसारखं म्हटलं, लव्ह, तुम्ही छपाईची जाळी बनवलीत का? ती म्हणाली, अजून नाही, उद्या बनवणार. जाळीतूनच शाई कापडावर उतरते, ती एकदा बनली की बदल नाही. मी म्हटलं, मी उद्या सकाळी नवी फाईल पाठवते, तोवर थांबा. थांबते म्हणाली.

आता पान आणायचं कुठून? फोटोतलं गिचमिड होतं, त्यावरून रेघ ओढता येईना. मी एका खोक्यावरून जाड मार्कर उचलला, दुसऱ्या खोक्याचं झाकण उलटं केलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "हात बघतेस ना."

"पान काढ," मी म्हटलं.

ती हसली. मग डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं आणि काढलं. दोन रेघा, मधे एक शीर. रेघ हलली होती, कड दातेरी झाली होती, शिरेने शेवटी जरा भलतीच वाट धरली होती. मी फोनवर त्याचा फोटो घेतला आणि झाकणही घेऊन घरी आले, बसमध्ये मांडीवर धरून.

घरी आठवं कमळ काढून टाकलं आणि तिथे ते पान बसवलं. कॉम्प्युटरमध्ये थरथर काढून रेघ गुळगुळीत करायची सोय असते. इतकी वर्षं मी ती न विचारता वापरत आले. माझा हात सवयीने तिकडे गेलासुद्धा. मग मी चहा करायला उठले. चहा पिऊन आले आणि फाईल होती तशी पाठवली.

त्या बाईचं उत्तर आलं. एका पानाची कड खडबडीत दिसते आहे, आम्ही साफ करून देऊ का, पैसे पडणार नाहीत. असं आधी विचारणारी माणसं मला नेहमीच आवडतात, मला मात्र ते कधी सुचलं नाही. मी लिहिलं, आभार, पण ते पान तसंच हवं आहे.

जानेवारीत तिच्या रिकाम्या हॉलमध्ये हळदीकुंकू झालं. भिंतींवर फोटो उतरवल्याचे चौकोन, बसायला फक्त सतरंजी, पण बायका नेहमीपेक्षा जास्त. कोट ठेवायला वर पलंगही नव्हता, म्हणून सगळे जिन्याच्या कठड्यावरच टाकले. जिन्याच्या पायथ्याशी फळी मांडली होती आणि तिच्यावर काळ्या पिशव्यांची चळत. पांढरी शाई छान उठली होती. एकजण पिशवी उलटसुलट करून म्हणाली, "एवढं सगळं सुरेख, हे एकच पान असं का गं वेडंवाकडं?" स्टॅनमोरचीने माझ्याकडे बघितलं आणि मग ती गोष्ट सांगायला बसली, मोज्यापासून. बायका पुन्हा तशाच हसल्या. ज्यांनी भाऊजींना कधी पाहिलं नव्हतं, त्याही हसल्या.

मी सगळ्यांच्या शेवटी पुढे झाले. तिने मला हळदकुंकू लावलं, ते कपाळावर जरा पसरलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि पिशवी दिली. पण चटकन सोडली नाही. एक बंद तिच्या हातात, एक माझ्या.

"घे," ती म्हणाली. "आणि आता पुसू नकोस."